अंदाजपंचे गॅरेज

भाजीवाल्याच्या काट्याला सरकारी शिक्का लागतो. पेट्रोल पंपावर शंका आली तर आपण ५ लिटरचं माप मागतो. आणि ज्या चाकांवर घरची चार माणसं घेऊन एक्सप्रेसवेला जातो, त्यांचे नट मात्र अंदाजाने आवळलेले चालतात!

बहुतेक छोट्या गाड्यांच्या व्हील नटला कंपनी साधारण १०० न्यूटन मीटर टॉर्क सांगते. आता हिशेब करा. पान्याला १ मीटरचा पाइप लावून ७० किलोचा माणूस टोकावर उभा राहिला की जवळपास ७०० होतो. सातपट! स्टड ताणला जातो, आटे जातात, आणि रस्त्यात पंक्चर झालं की गाडीतल्या पान्याने तो नट सुटता सुटत नाही. ढिला राहिला तर चाकच निघतं.

"वीस वर्षं हात बसलाय, अंदाज चुकत नाही," असं मला सांगतात. अनुभवाला नमस्कारच. आवाजावरून बिघाड ओळखणं मीटरला जमणार नाही. पण सकाळचा हात वेगळा, संध्याकाळचा दमलेला वेगळा, शिकाऊ पोराचा तर आणखीनच वेगळा. टॉर्क रेंच दमत नाही.

आयटीआयमध्ये याच पोरांना मायक्रोमीटरवर ०.०१ मिलिमीटर मोजायला शिकवायचं आणि गॅरेजात म्हणायचं, "लाव पाइप, दे पाय!" मग शिकवलं कशाला?

साधा रेंच एका टायरच्या पैशात येतो. त्यामुळे परवडत नाही हे कारण सांगू नका. गिऱ्हाईक विचारत नाही, हे खरं कारण. पुढच्या वेळी चाक बसवताना तिथेच उभं राहून विचारा, "टॉर्क रेंच कुठाय?"