उंच काठी आणि आखूड काठी

परवा पुतण्याचा फोन आला. "काका, येताना तिकडचे दोन रेडिओ सेट घेऊन या ना, पाच वॉटचे. आमच्या जीपवाल्या ग्रुपला हवेत." सध्या आमचा मुक्काम ॲडलेडला, मुलाकडे आहे. मी त्याला नाही म्हटलं. तो जरा नाराज झाला. फोनवर कारण नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितो आहे.

आधीच सांगतो, मी मराठी आणि इतिहासाचा मास्तर. विज्ञानाचा वर्ग शेजारी भरायचा, तेवढाच माझा संबंध. पण गेल्या वर्षी एक धडा मिळाला आणि मग मुलाला प्रश्न विचारून विचारून मी ही गोष्ट समजून घेतली.

आम्ही फ्लिंडर्स रेंजेसला गेलो होतो. ॲडलेडच्या उत्तरेला साधारण साडेचारशे किलोमीटर. डोंगर फार उंच नाहीत, पण दऱ्या अरुंद, आणि ब्राकिना दरीतला रस्ता तर बराचसा ओढ्याच्या पात्रातूनच जातो. मोबाइल मुका. पुढच्या गाडीत मुलगा आणि मी. मागच्या गाडीत सूनबाई, आमची सौ. आणि नातू. आमच्या गाडीला पाच वॉटचा सेट आणि पुढच्या लोखंडी बंपरवर चांगली पुरुषभर उंच एरियलची काठी. दिसायला झोकदार! मागच्या गाडीत मात्र हातात धरायचा छोटा सेट. "जवळजवळच तर असणार आपण," असा हिशेब.

एका वळणानंतर मागची गाडी दिसेना. रेडिओवर खरखर, मधूनच अर्धा शब्द. मुलाला वाटलं, मागे रेंगाळले असतील. आम्ही वीस मिनिटं पुढे गेलो. शेवटी परत फिरलो. पाहतो तर धारदार दगडाने टायर फाडलेला, सूनबाई जॅक लावते आहे, आणि सौ. नातवाला घेऊन सावलीत बसलेली. सूनबाईने पंधरा वेळा हाका मारल्या होत्या. कोणाला काही झालं नाही. पण सौ. त्या संध्याकाळी माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

चूक कुठे झाली? ऑस्ट्रेलियात १९७७ पासून ४७७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा एक पट्टा सामान्य माणसांसाठी खुला आहे. वेगळा परवाना काढावा लागत नाही. मर्यादा पाच वॉटची. आता ऐंशी चॅनेल आहेत. त्यातले ५ आणि ३५ फक्त संकटासाठी राखीव. ट्रकवाले ४० वर बोलतात, आडरानात जाणारे गाडीवाले बहुधा १० वर. वॉटला अशी मर्यादा असल्यामुळे दुकानात फरक उरतो तो काठीचा, आणि लोक सगळ्यात उंच काठी उचलतात. आम्हीही तेच केलं.

एरियलवर डीबीआयचा आकडा लिहिलेला असतो. तो मोठा म्हणजे शक्ती जास्त, असं आम्हाला वाटलं होतं. तसं नाही. एक फुगा घ्या आणि वरून दाबा. तो आडवा पसरेल, पण आतली हवा तेवढीच. नऊ डीबीआयची काठी लहरींचा फुगा असा चपटा करते. सपाट वाळवंटात त्या लांब जातात. डोंगरात मात्र समोरची गाडी खाली दरीत किंवा वर चढावर असते, आणि चपटा फुगा तिच्या डोक्यावरून किंवा पायाखालून निघून जातो. तिथे तीन डीबीआयची आखूड काठी बरी, कारण तिचा फुगा गोलसर असतो. दोन्हीकडे फिरायचं असेल तर सहाच्या आसपासची. खडकाआड मात्र कुठलीच काठी फारसं चालत नाही. ही लहर जवळजवळ नजरेसारखी सरळ जाते.

दुसरी चूक जास्त मोठी. गाडीच्या पत्र्याच्या आत बसून हातातला सेट वापरणं म्हणजे डब्यात तोंड घालून हाक मारणं. आम्ही पुढच्या गाडीवर पैसे ओतले आणि मागच्या गाडीवर वाचवले. संभाषणाला दोन टोकं असतात हे विसरलो. चाळीस वर्षं वर्गात उभा राहिलेल्या माणसाने तरी हे विसरायला नको होतं. मास्तरचा आवाज कितीही खणखणीत असो, शेवटच्या बाकावरच्या मुलाचं ऐकू येत नसेल तर तो वर्ग कसला?

म्हणून माझं मत असं. आधी आपण कुठल्या जमिनीवर जाणार ते बघा, मग काठी निवडा. सेट थोडा साधा चालेल, पण दोन्ही गाड्यांना बाहेर बसवलेलं एरियल हवं आणि त्याची तार नीट जोडलेली हवी. आणि रेडिओ कितीही चांगला असला तरी मागची गाडी दिसेपर्यंत वळणावर थांबायचं. हा नियम फुकट आहे. एकट्याने फार आत जायचं असेल तर ४०६ मेगाहर्ट्झवर उपग्रहाला हाक देणारं छोटं संकटयंत्रही जवळ हवं, कारण रेडिओ ऐकायला पलीकडे कोणीतरी असावं लागतं.

या देशाला रेडिओची किंमत फार आधी कळली. १९२९ मध्ये आल्फ्रेड ट्रेगर यांचे पायाने पेडल मारून चालवायचे सेट दूरच्या वस्त्यांवर बसू लागले, डॉक्टरला बोलावता यावं म्हणून. १९५१ मध्ये ॲलिस स्प्रिंग्जहून रेडिओवरची शाळा सुरू झाली. शेकडो मैलांवरची मुलं एकाच वर्गात हजेरी देत. हे वाचलं तेव्हा माझ्यातला मास्तर गहिवरला, खोटं कशाला बोलू.

आता पुतण्याचं. बाळा, भारतात हा ४७७ चा पट्टा आपल्यासाठी खुला नाही. २०१८ पासून ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ एवढी अरुंद पट्टी परवान्याशिवाय वापरता येते, तीही कमी शक्तीच्या, सरकारमान्य सेटवर. बेकायदा वॉकीटॉकींची ऑनलाइन विक्री थांबावी म्हणून २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नियमावलीही काढली. मी आणलेला सेट तुमच्या कामाचा नाहीच, उलट कुणा परवानाधारकाच्या कामाच्या बोलण्यात तुमची बडबड घुसायची. तिकडचाच मान्यताप्राप्त सेट घ्या, प्रत्येक गाडीत एक. बोलताना गाडीतून उतरा, जरा उंचावर जा. आपला सह्याद्री काही फ्लिंडर्सपेक्षा सोपा नाही, वळणावळणावर कडा आडवा येतो.

आणि तुझ्या मागच्या गाडीत कोण बसलं आहे ते आरशात बघत जा. बाकी लाडू मात्र आणतो आहे, काकूने आजच करायला घेतलेत.