जुन्या लांकडाची ओळख

लांकडास वाळवी व बुरशी यांपासून वांचविण्याची विद्या थोर खरी. परंतु त्या लांकडाची सेवा संपल्यावर पुढें त्याचें काय होतें, हा विचार सहसा कोणी करीत नाहीं. तोच आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

डेहराडून येथील वनसंशोधन संस्थेंत १९३३ सालीं सोंटी कामेशम् यांनीं तांबें, क्रोमियम व आर्सेनिक यांचें एक संरक्षक औषध सिद्ध केलें. दाबाखालीं तें मुरविलेलें लांकूड कित्येक दशकें टिकतें. साध्या कामास दर घनमीटरास सुमारें ४ किलो, तर समुद्रांतील खांबांस ४० किलोपर्यंत औषध लागतें. अमेरिकेंत कुंपणें, सज्जे व धक्के यांसाठीं त्याचा अतोनात प्रसार झाला. २००३ च्या अखेरीस तेथें बहुतेक घरगुती कामांतून तें उठविण्यांत आलें. परंतु पूर्वीं बांधलेलें आतां मोडकळीस येऊन भंगारांत जात आहे.

खरी अडचण येथेंच आहे. भंगार लांकूड दळून त्याच्या फळ्या, जळण व बागेंत पसरावयाचा भुगा करितात. औषधाची हिरवट छटा उन्हापावसानें करडी होते, आणि मग चांगलें व विषारी ओळखूं येत नाहीं. फ्लॉरिडांतील संशोधकांस अशा रंगविलेल्या भुग्यांत आर्सेनिक आढळलें. शितावरून भाताची परीक्षा करणारा आपला स्थालीपुलाकन्याय या ढिगास लागू पडत नाहीं. येथें प्रत्येक शीत निराळें! एका नारिंगी द्रावाचा थेंब तांब्यावर किरमिजी होतो खरा, परंतु आर्सेनिकविरहित नव्या औषधांतही तांबें असतेंच. निश्चित निर्णय क्ष-किरणांच्या यंत्रानें होऊं शकतो. जर्मनीनें २००२ च्या नियमान्वयें जुन्या लांकडाचे चार वर्ग करून औषध मुरविलेलें लांकूड शेवटच्या वर्गांत घातलें, हें शहाणपणाचें होय.

अग्नि सर्व शुद्ध करितो, ही आपली श्रद्धा. पण आर्सेनिक जळून नाहींसें होत नाहीं. कांहीं धुरावाटे जातें, उरलेलें राखेंत सांठतें. म्हणून आमचें गृहिणींस व गृहस्थांस आग्रहाचें सांगणें आहे कीं, ठावठिकाणा माहीत नसलेला जुना खांब वा फळी बंबांत घालूं नये, त्याची राख भांड्यांस वा तुळशीस लावूं नये. आणि लांकडास दीर्घायुष्य देणाऱ्यांनीं त्यावर न पुसणारी खूणही करावी. कारण तें लांकूड नातवंडांच्या हातीं पडेल, तेव्हां सांगावयास आपण नसूं.