माउस कुणाच्या हातात?

खेळातून प्रोग्रॅमिंग शिकवण्याची कल्पना मला आवडते. एमआयटीने २००७ मध्ये खुल्या केलेल्या ‘स्क्रॅच’मध्ये रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवले की पडद्यावरचं मांजर चालू लागतं. चुकलं तर ठोकळा बदलायचा. कुणी ओरडत नाही. पण वस्तीतल्या केंद्रात एका संगणकावर तिघं बसली की माउस मुलाकडे, आणि मुलगी शेजारून सांगते, “अरे, तो ठोकळा आधी लाव!” डोकं तिचं, खेळ त्याचा. घरी तर मोबाईल भावाचाच. १९४६ साली जगापुढे आलेल्या एनिॲक संगणकाचं प्रोग्रॅमिंग सहा बायकांनी केलं होतं, हे या मुलींना कोण सांगणार? मुलींसाठी म्हणून खेळात राजकन्या घालतात, त्याने माउस हाती येत नाही. आपल्या गटांनी आठवड्यातले दोन तास फक्त मुलींसाठी राखावेत. स्क्रॅच एकदा उतरवून घेतलं की इंटरनेटशिवायही चालतं.