तापी सीमेवर थांबत नाही

मी बुऱ्हाणपूरची. शाळेतला मध्य प्रदेशचा नकाशा आमच्या गावापुढे लगेच संपायचा आणि तापी कोऱ्या कागदात गडप! आजोळ रावेरचं, तासाभराच्या आतलं, पण ते महाराष्ट्राच्या नकाशात. केळीच्या बागा मात्र दोन्हीकडे त्याच.

मॅनिफोल्ड शिकताना हे आठवलं. फळ्यावर आधी हाउसडॉर्फ, मग सेकंड काउंटेबल; अर्धा वर्ग तिथेच गळाला. माझं म्हणणं एवढंच, की सुरुवात नकाशांपासून करा. या विषयाचे शब्दच चार्ट, अ‍ॅटलस असे आहेत!

गोलाचा पृष्ठभाग एका चार्टमध्ये मावत नाही, निदान दोन लागतात. एक उत्तर ध्रुवावरून काढायचा, तो ध्रुव सोडून सगळं त्यात येतं. दुसरा तसाच दक्षिण ध्रुवावरून. गोलाची त्रिज्या १ आणि कागद विषुववृत्ताच्या पातळीत धरला, तर पहिल्यावर मध्यापासून २ अंतरावरचा बिंदू दुसऱ्यावर त्याच दिशेला १/२ अंतरावर दिसतो. एका चार्टवरून दुसऱ्यावर जाण्याचं हे सूत्र हवं तितक्या वेळा डिफरन्शिएट होतं. 'डिफरन्शिएबल' मॅनिफोल्डमधलं 'डिफरन्शिएबल' ते हेच. आपल्याकडे ते व्याख्येतली शेवटची अट म्हणून घाईत उरकतात.

राज्यांचे नकाशे नुसते सीमेवर टेकतात, एकमेकांवर येत नाहीत. मग तुलना करणार कुठे? रीमानने १८५४ मध्ये गटिंगेनच्या व्याख्यानात ही कल्पना मांडली, तीही जवळजवळ सूत्रांशिवाय. आपल्याला पहिल्याच तासाला एवढी घाई कशाला?

दिवाळीत घरी मी रावेर आणि बुऱ्हाणपूर दोन्ही येतील असा एक कागद काढला. त्यावर तापी सलग आहे.