गाडीची किंमत विचारताना संकोच कशाला?

आपल्या समाजात एक समज रूढ आहे, की डॉक्टर भाव करीत नाही. भाजीच्या टोपलीपुढे नाही, कापडाच्या दुकानात नाही आणि मोटारीच्या शोरूममध्ये तर मुळीच नाही. ‘डॉक्टरसाहेब, तुम्हाला काय कमी आहे?’ हे वाक्य विक्रेत्याने हसत उच्चारले की आपल्यापैकी अनेकजण निरुत्तर होतात आणि जाहिरातीतल्या किमतीवर लाख-दोन लाख कसे चढले हे न विचारताच धनादेशावर सही करतात. बीदर आणि कलबुर्गी परिसरात गेली पंचवीस वर्षे बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करताना अनेक समव्यवसायी मित्रांच्या मोटारखरेदीला मी सोबत गेलो आहे. त्यावरून माझे मत असे बनले आहे की, मोठी सूट मिळवणे ही या व्यवहारातली दुय्यम बाब आहे. एकूण रकमेचा बाबवार आणि लेखी तपशील मागणे ही मुख्य बाब होय. ती मागण्यात डॉक्टरने कमीपणा मानण्याचे कारण नाही.

या संकोचाला थोडा इतिहासही आहे. आपल्या शेजारच्या सोलापूरचे सुपुत्र वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. पुढे अनेक वर्षे देशात प्रीमियर, अँबॅसिडर आणि स्टँडर्ड अशा मोजक्याच मोटारी मिळत. पैसे भरून वर्षानुवर्षे नंबर लागण्याची वाट पाहावी लागे. गाडी मिळाली हेच भाग्य, तिथे भाव कोण करणार? डिसेंबर १९८३ मध्ये मारुती आली आणि १९९१ नंतर तर परदेशी कंपन्यांची रीघ लागली. आज विक्रेता ग्राहकाची वाट पाहतो. तरी आपल्या वडीलधाऱ्यांच्या पिढीतले ते हात जोडून उभे राहणे आपल्या अंगातून पुरते गेलेले नाही.

शोरूममध्ये जी अंतिम रक्कम सांगतात, जिला सर्वजण ‘ऑन-रोड’ किंमत म्हणतात, ती म्हणजे चार-पाच वेगवेगळ्या मालकांच्या पैशांची मोट असते. मूळ एक्स-शोरूम किंमत कंपनीची. तिच्यात केंद्र व राज्याचा वस्तू व सेवा कर समाविष्ट असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल किंवा १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल मोटारींवर हा कर १८ टक्के, तर त्याहून मोठ्या मोटारींवर ४० टक्के झाला. त्यानंतर राज्याचा आजीवन रस्ताकर येतो. कर्नाटकात त्याचे टप्पे ५ लाखांपर्यंत १३ टक्के, ५ ते १० लाखांना १४ टक्के, १० ते २० लाखांना १७ टक्के आणि त्यापुढे १८ टक्के असे चालत आले आहेत. वर उपकर वेगळा. खरेदीच्या वेळी हे दर परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावेत. मात्र टप्प्याचे गणित ध्यानात असू द्यावे. ९ लाख ८० हजारांच्या गाडीला १४ टक्क्यांनी १,३७,२०० रुपये कर पडतो, तर १० लाख २० हजारांच्या गाडीला १७ टक्क्यांनी १,७३,४०० रुपये. म्हणजे ४० हजारांनी वरचा प्रकार घेताना करापोटी आणखी ३६,२०० रुपये जातात. विक्रेता हे आपणहून क्वचितच सांगतो.

आपण सीमाभागातली माणसे. हुमनाबादला राष्ट्रीय महामार्ग ६५ लागला की एका बाजूला हैदराबाद, दुसऱ्या बाजूला सोलापूर. भालकीकरांना उदगीर आणि लातूर जवळ, आळंदकरांना अक्कलकोटमार्गे सोलापूर जवळ. साहजिकच ‘पलीकडे गाडी स्वस्त मिळते’ असे सल्ले प्रत्येक लग्नकार्यात ऐकू येतात. पूर्वी राज्याराज्यांच्या विक्रीकरात तफावत असे, तेव्हा त्यात काही अंशी तथ्य होते. १ जुलै २०१७ पासून देशभर एकच वस्तू व सेवा कर लागू झाला आणि ती तफावत संपली. उरला रस्ताकर. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार मालक जिथे राहतो किंवा व्यवसाय करतो, अथवा गाडी जिथे सामान्यतः ठेवली जाते, तिथेच तिची नोंदणी व्हायला हवी. परराज्यात नोंदलेली गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ इथे ठेवली, तर इथला क्रमांक घ्यावा लागतो. तेव्हा सोलापूरच्या मावसभावाच्या पत्त्यावर गाडी नोंदवून बीदरमध्ये वर्षानुवर्षे फिरवणे हा काटकसरीचा मार्ग नाही, तो कायदाभंग आहे. पलीकडच्या शहरातून गाडी अवश्य घ्यावी. पण तात्पुरत्या नोंदणीवर आणून आपल्या केए-३८ किंवा केए-३२ मध्येच नोंदवावी. मग तुलना उरते ती फक्त विक्रेत्याच्या हातातल्या बाबींची.

या बाबींत सर्वांत मोठी म्हणजे विमा. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तीन वर्षांचा त्रयस्थ पक्ष विमा सक्तीचा झाला. त्याचा हप्ता सरकारी अधिसूचनेने ठरतो. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार १००० ते १५०० सीसीच्या मोटारीला तो तीन वर्षांसाठी १०,६४० रुपये होता. त्यात घासाघीस होऊ शकत नाही. मात्र गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा २००७ पासून खुला आहे, आणि तो कोणत्या कंपनीकडून घ्यायचा हे ठरवण्याचा पूर्ण अधिकार ग्राहकाचा आहे. ‘आमच्याकडूनच घ्यावा लागेल’ हे म्हणणे नियमाला धरून नाही. दुसरीकडून भाव मागवताना विम्याची घोषित रक्कम आणि शून्य घसाऱ्यासारखी जोडकलमे मात्र समान असावीत. नाहीतर तुलना फसवी ठरते.

त्यानंतर येतात ‘हँडलिंग’, ‘लॉजिस्टिक’ अशा नावांचे आकार. शोरूमच्या दारात गाडी घेणाऱ्या ग्राहकाकडून ते घेण्यास अनेक राज्यांच्या परिवहन खात्यांनी वेळोवेळी मनाई केली आहे. १० लाखांवरील गाडीवर एक टक्का आयकर गोळा केला जातो. तो खर्च नव्हे, आपल्या विवरणपत्रात तो वळता करून घेता येतो. आपल्या चार्टर्ड अकाउंटंटना त्याचा दाखला द्यायला विसरू नये.

गेल्या वर्षी एका नातेवाइकासाठी आम्ही एकाच गाडीचे दोन दरपत्रक मागवले. मूळ किंमत व रस्ताकर दोन्हींकडे सारखाच. पहिल्या विक्रेत्याने २५,००० रुपयांची सूट मोठ्या अक्षरांत लिहिली होती. खाली विमा ४६,०००, ‘आवश्यक’ साजसामान २२,००० आणि हाताळणी ८,५००. दुसऱ्याने सूट फक्त १०,००० दिली होती. त्याच रकमेचा व त्याच कलमांचा विमा ३४,०००, आणि बाकी काही नाही. बेरीज-वजाबाकी केल्यावर पहिल्याकडे मूळ किंमत व करावर ५१,५०० रुपये चढत होते, दुसऱ्याकडे २४,०००. ज्याची सूट लहान, तोच २७,५०० रुपयांनी स्वस्त! बाबवार कागद हाती नसता, तर हे कळण्याचा मार्गच नव्हता.

सूट मागताना आणखी एक गोष्ट जाणून असावी. कित्येकदा विक्रेत्याचे हातच बांधलेले असतात. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०२१ मध्ये मारुती सुझुकीला २०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला. वितरकांनी ठरावीक मर्यादेपलीकडे सूट देऊ नये असा कंपनीचा दंडक होता आणि तो पाळला जातो की नाही हे पाहण्यासाठी ग्राहकाच्या वेषात माणसे पाठवली जात, असा आयोगाचा निष्कर्ष होता. या चौकशीची सुरुवात एका वितरकाच्या निनावी ई-मेलमधून झाली होती. कंपनीने अपील केले आणि त्याच वर्षी अपिलीय न्यायाधिकरणाने काही रक्कम भरण्याच्या अटीवर दंडवसुली स्थगित केली. खटल्याचा निकाल काहीही लागो. ग्राहकाने घ्यायचा बोध एवढाच, की समोरच्या तरुण विक्रेत्यावर आवाज चढवून उपयोग नाही. महिनाअखेर, तिमाहीअखेर आणि डिसेंबर या काळात विक्रीचे लक्ष्य गाठायचे असते, तेव्हा बोलणे सोपे जाते. दसरा-पाडव्याच्या मुहूर्तावर गाडी हवीच, असे आपण आधी सांगून बसलो तर सूट कशाला मिळेल? डिसेंबरात घेताना मात्र चॅसिस क्रमांकावरून निर्मितीचा महिना व वर्ष पडताळावे. नोंदणी होण्यापूर्वी भर उजेडात गाडी नीट पाहून घ्यावी.

विक्रेता निवडताना माझी कसोटी शोरूमची काच किंवा कॉफी नसते. मी त्याचे वर्कशॉप पाहतो. सकाळी दहाच्या सुमारास तिथे जावे आणि गाडी सोडायला आलेल्या चार जणांशी बोलावे. सांगितलेला अंदाज आणि अखेरचे बिल जुळते का? सुटे भाग इथे असतात की हैदराबादहून येईपर्यंत आठवडा जातो? अपघातानंतर रोखरहित दुरुस्ती कोणत्या विमा कंपन्यांची होते? कंपनीची हमी देशभरातल्या कोणत्याही अधिकृत केंद्रात चालते, त्यामुळे गाडी परगावाहून घेतली म्हणून हमी बुडत नाही. परंतु मध्यरात्री लेबर रूममधून बोलावणे येणाऱ्या माणसाची गाडी दूरच्या वर्कशॉपमध्ये आठ दिवस पडून राहिली, तर वाचलेल्या दहा-पंधरा हजारांचे काय मोल?

बालरोगतज्ज्ञ म्हणून एक आग्रहाची विनंती. वाटाघाटीच्या शेवटी विक्रेता सीट कव्हर, मॅट, सुगंधी बाटली यांपैकी काहीतरी ‘फुकट’ देऊ करतो. त्याऐवजी मुलांचे आसन मागावे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यानुसार चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा बालआसन यांवाचून बसवणे दंडनीय आहे. तरी तुळजापूर-गाणगापूरच्या वाटेवर पुढच्या सीटवर आईच्या मांडीवर बसलेली बाळे मी दर रविवारी पाहतो. समोरची एअरबॅग उघडली तर त्या बाळाला तीच घातक ठरते. सीटमध्ये बाजूच्या एअरबॅग असतील तर जाड कव्हरे त्यांची वाट अडवतात. १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही चाचणी सुरू झाली आहे; तिच्यात मुलांच्या सुरक्षिततेचे गुण वेगळे दिले जातात. छतावरच्या काचेसाठी पैसे मोजण्यापूर्वी ते गुण अवश्य पाहावेत.

आता थोडे आपल्या घराकडे. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आली. तेव्हापासून आपण हा कायदा आरोपीच्या बाकावरूनच ओळखतो. ग्राहक म्हणून त्याचा आधार घ्यायचे आपल्याला सुचत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तर आपण जिथे राहतो तिथल्याच जिल्हा आयोगाकडे तक्रार करण्याची मुभा दिली आहे. हैदराबादच्या विक्रेत्याविरुद्ध बीदरमध्ये दाद मागता येते.

पण हक्क सांगताना आरशातही पाहायला हवे. कर्नाटकच्या खासगी वैद्यकीय आस्थापना कायद्याने, २००७ पासून, दवाखान्यात शुल्काचे दरपत्रक उपलब्ध ठेवणे बंधनकारक केले आहे. औरादहून आलेला शेतकरी ‘लस केवढ्याला, तपासणी केवढ्याला, बाहेरून आणली तर चालेल का?’ असे विचारतो, तेव्हा आपल्यापैकी काहींच्या कपाळावर आठी उमटते. शोरूममध्ये विम्याच्या कमिशनने आपण चिडतो. प्रयोगशाळेच्या कमिशनबद्दल मात्र आपल्या व्यवसायात दबक्या आवाजात बोलले जाते. जो प्रश्न शोरूममध्ये आपला हक्क ठरतो, तोच बाह्यरुग्ण विभागात उर्मटपणा कसा ठरेल?

म्हणून ताकाला जाऊन भांडे लपवू नये. किमान दोन विक्रेत्यांकडून सही-शिक्क्याचा बाबवार कागद घ्यावा, नोंदणीची रक्कम भरण्यापूर्वी ती परत मिळण्याच्या अटी लिहून घ्याव्यात, आणि प्रत्येक ओळीपुढे ‘हे कोणाचे, आणि का?’ असे शांतपणे विचारावे. तेवढ्याच शांतपणे आपल्या टेबलापलीकडच्या माणसाला उत्तर देण्याची सवयही लावून घ्यावी. आपल्या गावातली माणसे डॉक्टरकडे पाहून बरेच काही शिकतात. हेही त्यांनी शिकावे, असे मला मनापासून वाटते.