तंबाखू मळली की डोकं चालतं?



परवा उसाला हुमणीची आळवणी चालू होती. गड्यानं बॅरलमध्ये औषध ओतलं, हातमोजे काढले आणि तसाच तंबाखू मळायला बसला. म्हटलं, आधी हात धू. तर म्हणतो, "दादा, ही खाल्ल्याबिगर ध्यानातच राहत न्हाई किती पुड्या टाकल्या."

गंमत बघा. बॅरलमधल्या जोडऔषधातलं इमिडाक्लोप्रिड आणि तळहातावरचं निकोटीन एकाच भावकीतलं. निओनिकोटिनॉइड हे नावच निकोटीनवरनं पडलंय. मज्जातंतूंच्या ज्या कुलपात अ‍ॅसिटिलकोलीन बसायचं, तिथंच ही दोन्ही बनावट किल्ली म्हणून बसतात. इमिडाक्लोप्रिड किड्याच्या कुलपात घट्ट, आपल्या कुलपात सैल. निकोटीन मात्र आपल्यात चांगलंच बसतं.

चुना कशाला लागतो? फवारणीच्या पाण्याचा सामू तपासतो ना आपण, तेच गणित. चुन्यानं सामू चढतो, निकोटीन मोकळं होतं आणि गालातनं झटक्यात रक्तात शिरतं.

थोडा वेळ लक्ष लागतं, हे खोटं नाही. पण रोजच्या माऱ्यानं ती कुलपं बधिर होतात, मेंदू त्यांची संख्या वाढवतो. साधारण दोन तासांत रक्तातलं निकोटीन निम्म्यावर येतं, मग चिडचिड, विसराळूपणा. पुढची चिमूट तेवढीच तूट भरते. मार्चअखेरीस सोसायटीचं नवं-जुनं करतो, तसं.

मी स्वतः अठरा वर्षं खाल्ली. सोडल्यावर पहिले तीन आठवडे मोटर चालू ठेवून घरी यायचो. बायको म्हणायची, परत खावा पण रान बुडवू नका! नंतर ते आपोआप थांबलं.

मधमाशीचंही तेच. थायमेथोक्झामचा बारीक डोस पोटात गेला की बऱ्याच माश्या पोळ्याकडं परततच नाहीत, हे फ्रान्समध्ये २०१२ ला दाखवून दिलं. २०१८ ला युरोपियन युनियननं यातली तीन औषधं उघड्या रानात बंद केली.

आणि आपण? दहावीच्या पोराला टपरीवर पुडी आणायला पाठवतो. मेंदू पंचविशीपर्यंत घडत असतो, नेमकं शिकायच्या वयात त्याला हे खाद्य. अठराखालच्याला तंबाखू विकायची नाही असा कायदा २००३ चा आहे, पण टपरीवाला म्हणतो, "बापानंच पाठवलंय." माझा राग टपरीवाल्यावर नाही, बापावर आहे.

बॅरलजवळ आता बादली आणि साबण ठेवलाय. टोमॅटोची रोपं लावतानाही हाच नियम, कारण मळलेल्या हातानं मोझॅक व्हायरस रोपाला जातो. गडी कुरकुरतोय, पण धुतोय. पुड्यांचा हिशेब मी बॅरलवर खडूनं लिहितो.