लोकांना गुण देण्याआधी प्रश्नावली तपासा

प्रति,
राज्यातील आरोग्य सर्वेक्षणे आखणारे अधिकारी, वैद्यकीय महाविद्यालयांतील पीएसएम (प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्र) विभागांचे प्रमुख आणि इथिक्स कमिट्यांचे सदस्य यांस,



मी गावोगाव फिरून सर्वेक्षणाचे फॉर्म भरून घेण्याचं काम करते. अलीकडे त्यात आरोग्य साक्षरतेच्या प्रश्नावल्याही असतात. आरोग्याची माहिती माणसाला मिळते का, समजते का, ती पारखता येते का आणि वेळेला वापरता येते का, हे त्यांतून मोजायचं असतं. काम मोलाचं आहे, म्हणूनच हे पत्र. माझी मागणी एकच: प्रश्नावलीची आधी इथल्या माणसांत कसून तपासणी करा, आणि ती होईपर्यंत तिच्यातून निघालेली टक्केवारी छापू नका.

आपल्याकडे बऱ्याचदा वापरली जाते ती युरोपातली प्रश्नावली. २०११ साली तिथल्या आठ देशांत सुमारे आठ हजार लोकांना तिच्यातले ४७ प्रश्न विचारले गेले. पुढे तिचं १६ प्रश्नांचं छोटं रूपही आलं. प्रत्येक प्रश्नाचा साचा एकच: अमुक गोष्ट तुम्हाला किती सोपी वाटते? अत्यंत सोपी, बऱ्यापैकी सोपी, बऱ्यापैकी अवघड, अत्यंत अवघड. उत्तरांवरून शून्य ते ५० गुण काढतात आणि ३३ किंवा त्याखालच्या माणसाची साक्षरता मर्यादित धरतात. त्या पाहणीत असे ४७ टक्के लोक निघाले. नेदरलँड्समध्ये २९ टक्के, तर बल्गेरियात ६२. ज्यांनी ती बनवली त्यांनी मेहनत घेतली होती. नुसत्या मतांवर न थांबता आइस्क्रीमच्या डब्यावरचं लेबल हातात देऊन हिशेब विचारणारी एक छोटी चाचणीही त्यांनी सोबत घेतली. आपण मात्र प्रश्न उचलतो, मराठी करतो, टॅबवर चढवतो आणि मला गावात पाठवतो.

गावात काय होतं ते सांगते.

एक प्रश्न आहे औषधासोबत येणाऱ्या माहितीपत्रकाचा: ते समजणं तुम्हाला किती सोपं वाटतं? ज्या मावशींना मी हे विचारते त्यांच्या बीपीच्या गोळ्या एक तर उपकेंद्रातून मिळतात, नाही तर मेडिकलमधून. मेडिकलवाला दहाच्या पट्टीतल्या चार गोळ्या कात्रीने कापून कागदी पुडीत देतो. पत्रक त्यांच्या हाती कधी पडलेलंच नाही. कुणाच्या हाती पडलंच तर ते बारीक इंग्रजीत असतं. पट्टी कापताना एक्स्पायरीची तारीखही कधी कधी दुकानातच राहते. मावशी थोडा विचार करतात आणि म्हणतात, "सोपंच म्हणायचं, डॉक्टर सांगतात ना." मी "अत्यंत सोपे"वर बोट ठेवते आणि एक गुण वर जातो. ही कोणती साक्षरता मोजली? डॉक्टरांवरचा विश्वास मोजला गेला, आणि तो हवाच आहे. पण आपण मोजायला निघालो होतो ते हे नव्हे.

दुसऱ्या डॉक्टरांचं मत कधी घ्यावं हे ठरवणं सोपं की अवघड, असाही एक प्रश्न आहे. जिथे पीएचसीत एकच डॉक्टर आणि पुढचा दवाखाना एसटीने तासाभरावर, तिथे "अवघड" हे उत्तर बाईच्या समजेबद्दल काही सांगत नाही. रस्त्याबद्दल आणि पैशाबद्दल सांगतं. तरीही गुण कमी होतात ते तिचे.

चार पर्यायांचं तर विचारूच नका. "बऱ्यापैकी सोपी" आणि "अत्यंत सोपी" यांतला फरक मी तीनदा समजावते, चौथ्यांदा आजी म्हणतात, "बाई, तुला बरं वाटेल ते लिही." शेजारी आशाताई उभ्या असतील तर उत्तरं आणखी सोपी होतात, कारण आपल्या आशाला कमीपणा येऊ नये असं वाटतं. असा फॉर्म कुणी खोटा भरलेला नसतो. तरी त्यातल्या आकड्याला अर्थ उरत नाही.

अहवालात मग एक ओळ येते: क्रॉनबॅक अल्फा चांगला आला, म्हणून प्रश्नावली विश्वासार्ह. इथे मला तुमच्याशी ठामपणे बोलायचं आहे. अल्फा एवढंच सांगतो की प्रश्नांची उत्तरं एकमेकांना धरून आहेत. काही आजी सगळ्याच प्रश्नांना सोपं म्हणाल्या आणि काही सगळ्यांनाच अवघड, तरी अल्फा उत्तमच येणार. जे मोजायचं तेच मोजलं का, हे तो सांगू शकत नाही.

या बाबतीत आपल्याच राज्यातला दाखला आपण विसरलो आहोत. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांमध्ये ६५० बायकांची पाहणी केली; १९८९ साली ती 'लॅन्सेट'मध्ये आली. स्त्रीरोगाची तक्रार सांगणाऱ्या बायका होत्या ५५ टक्के. प्रत्यक्ष तपासल्यावर स्त्रीरोग आढळले ९२ टक्क्यांना, आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. विचारून कळतं आणि तपासून कळतं, यांत केवढं अंतर असू शकतं हे जगाला गडचिरोलीने दाखवलं. आरोग्य साक्षरतेला तीच कसोटी लावायला काय हरकत आहे? ओआरएसची पुडी हातात द्या आणि विचारा, यात पाणी किती घालाल? एक लिटर पाण्यात पूर्ण पुडी, हे कोण सांगतं, कोण चमच्याचमच्याने कालवतं, हे दहा मिनिटांत दिसतं. गोळ्यांचं पाकीट आणि केस पेपर समोर ठेवा. सकाळी कोणती, जेवणानंतर कोणती, हे दाखवायला सांगा. १०८ला फोन केला तर रुग्णवाहिकेचे पैसे पडतात का, ते विचारा. मग "सोपं" म्हणणारी माणसं खरोखर तसं करतात का, हे ताडून पाहा. दोन्हींचा मेळ बसला तर प्रश्नावली चालू द्या. नाही बसला तर दुरुस्त करा.

त्याआधीची पायरी आणखी साधी आहे. वेगवेगळ्या वयाच्या, शिकलेल्या-न शिकलेल्या थोड्या लोकांना प्रश्न वाचून दाखवायचा आणि विचारायचं: तुमच्या मनात काय आलं? हेच उत्तर का दिलंत? पत्रकाच्या प्रश्नाची गफलत अशा पहिल्या दोन-चार मुलाखतींतच उघडी पडते. अनुवाद उलटा इंग्रजीत करून जुळवला तरी ती सापडत नाही, कारण शब्द बरोबरच असतात. याला लागतो वेळ आणि थोडा प्रवासखर्च, आणि सर्वेक्षणाच्या बजेटमधून नेमका हाच खर्च आधी कापला जातो.

धडगावची पावरी, धारणीची कोरकू, भामरागडची माडिया बोलणाऱ्यांबद्दल तर वेगळं सांगायलाच हवं. २०११च्या जनगणनेत राज्याची साक्षरता ८२ टक्क्यांच्या वर होती, धडगावच्या नंदुरबार जिल्ह्याची ६४. अशा भागांत मराठी प्रश्न आशाताई जागच्या जागी आपल्या बोलीत सांगतात, म्हणजे दर पाड्यावर प्रश्नावली निराळी होते. तेवढीच समज असलेली दोन माणसं केवळ भाषेमुळे किंवा बाई-पुरुष असल्यामुळे एखाद्या प्रश्नाला वेगळं उत्तर देतात का, हे तपासण्याच्या संख्याशास्त्रीय पद्धती तुमच्या विभागांना ठाऊक आहेत. त्या वापरल्याशिवाय जिल्ह्याजिल्ह्यांची क्रमवारी लावू नये. आणि युरोपात ठरलेली ३३ची रेषा इथे जशीच्या तशी ओढू नये.

हा आकडा कागदावरच राहत नाही, म्हणून हे कळकळीने लिहिते आहे. "अमुक टक्के जनता आरोग्य-निरक्षर" असं छापून आलं की पुढचा निधी भिंतींवरच्या घोषणांकडे वळतो. पुडीवर मराठीत ठळक सूचना हव्यात, डॉक्टरांनी सांगायला दोन मिनिटं जास्त द्यायला हवीत, हे प्रश्न मागे पडतात. दोष लोकांच्या डोक्यात शोधला जातो.

इथिक्स कमिट्यांना विनंती: प्रस्ताव मंजूर करताना "प्रश्नावली पूर्वी प्रमाणित आहे" एवढ्यावर समाधान मानू नका. कुठे, कोणत्या भाषेत, कुणावर, हे विचारा. विभागप्रमुखांना विनंती: मराठी मसुदा, त्यातले बदल आणि मुलाखतींची टिपणं सगळ्या महाविद्यालयांसाठी खुली ठेवा, म्हणजे दरवर्षी नवा विद्यार्थी नव्याने तोच अनुवाद करणार नाही. आणि अधिकाऱ्यांना विनंती: पुढच्या सर्वेक्षणाचा मसुदा टॅबवर चढण्याआधी आम्हा फॉर्म भरणाऱ्यांना आणि आशाताईंना एक दिवस समोर बसवून दाखवा. कोणता प्रश्न कुठे अडतो ते आम्ही त्या दिवशीच सांगू.

आपली,
एक क्षेत्र-सर्वेक्षक